गोल नसलेला आठवा भाग

हमीदभाई,

बंडू केबलवाल्याला आज संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही सांगायचं आहे. उद्या रविवार. तुम्ही जोडून ठेवलेला आठवा, शेवटचा भाग त्याने उद्या लावायचा, की त्याऐवजी आप्पा म्हणतात तसं तुमचा हार घातलेला फोटो, मागे गाणं आणि त्यावर मोसमातले सगळे गोल लावायचे, हे माझ्यावर येऊन थांबलं आहे. कॅसेट माझ्या कपाटात आहे, साड्यांच्या वरच्या फळीवर, कारण तिथे ओल लागत नाही. सकाळपासून ते कपाट उघडून मी कितीदा तरी खात्री करून घेतली. तुम्ही असता तर म्हणाला असता, "मॅडम, कॅसेट पळून जात न्हाई." पण तुम्हीच असे अचानक गेलात, आणि तेव्हापासून मला प्रत्येक गोष्ट हातातून पळून जाईल असं वाटतं.

म्हणून हे लिहितेय. एरवी मी याद्या करते, तुम्ही त्यावरून पुरेसं चिडवलं आहे. पण हे यादीत मावत नाही.

तुम्हाला क्लबात मी आणलं. मी दौंडच्या रेल्वे ऑफिसातली कारकून, आणि कॉलनीच्या फुटबॉल क्लबची सेक्रेटरी, कारण रजेचे अर्ज टाइप करायला आणि जर्सी मोजून घ्यायला दुसरं कोणी तयार नव्हतं. बॉलला मी आयुष्यात पाय लावलेला नाही. बंडूच्या लोकल चॅनेलवर रविवारची संध्याकाळ रिकामी होती. तो म्हणाला, क्लबवर मालिका करा, मोसमभर दाखवू. शूटिंगवाला म्हणून मला एकच नाव आठवलं, आणि तेही रागाने. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाचं शूटिंग तुम्ही शिरूरहून कवठे येमाईला येऊन केलं होतं. पाठवणीच्या वेळी सगळी माणसं नवरीभोवती, नवरी गाडीत बसतेय, आणि तुमचा कॅमेरा मांडवाच्या दुसऱ्या टोकाला आमच्या आईवर. आई भाड्याने आणलेली ताटं मोजत बसली होती. नवरीकडे पाठ. मी येऊन म्हटलंही, "भाई, लग्न तिकडं चाललंय." तुम्ही मान हलवलीत आणि ताटंच घेत राहिलात. नंतर ती कॅसेट आमच्या घरी इतकी लागली की नेमकी त्या जागी फीत झिजली. बहीण माहेरी आली की पहिल्यांदा तेच बघते.

तरी मला शहाणपण आलं नव्हतं. मालिकेचा पहिला भाग मी माझ्या पद्धतीने करून घेतला. आप्पा, म्हणजे आपले अध्यक्ष, त्यांचं भाषण. क्लबचा इतिहास. कपाटातले चषक एकेक करून. अकरा खेळाडू ओळीत उभे राहून नाव आणि मैदानातली जागा सांगतात. मग गोल, संथ गतीत, मागे ढोल. काहीच राहून गेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी बंडू ऑफिसात आला आणि माझ्या टेबलापाशी घुटमळत राहिला.

"मॅडम, एक सांगू का? लोकांनी च्यानल बदललं."

"तुला कुणी सांगितलं?"

"फोन आला ना घरी. म्हनले, हे प्रचाराचं संपलं की पिक्चर कवा लावतो?"

तुम्ही शेजारच्या खुर्चीवर बशीत ओतून चहा पीत होता. बशी खाली ठेवून म्हणालात, "हार घालतानाचं कुणी परत बघत न्हाई, मॅडम. बटन दाबून फुडं पळवत्यात. रुसलेला मामा आला की थांबत्यात. मामा का रुसला, जेवला का न्हाई, ह्ये बघायचं असतंय."

"आपल्याकडे मामा कुठून आणू?"

"हाय की. तुमचा कॅप्टन."

दिलीप. लोको शेडमधला फिटर, क्लबचा कॅप्टन, उजवा गुडघा सुजलेला, आणि पुण्याहून आलेल्या नव्या कोचला वाटत होतं की याचे दिवस संपले. दुसऱ्या भागात तुम्ही एवढंच दाखवलंत. ड्यूटीवरून थेट मैदानावर आलेला दिलीप तेलकट हातांनी बूट बांधतोय, गुडघ्यावर पट्टी गुंडाळतोय आणि कोच येताना दिसला की पट्टीवर मोजा ओढतोय. सामना शून्य-शून्य. एकही गोल नाही. सोमवारी ऑफिसात यवतहून रोज येणाऱ्या दोघांनी मला विचारलं, दिलीपचा गुडघा कसा आहे. यवतला बंडूची केबल पोचतसुद्धा नाही. त्यांनी गाडीत कुणाकडून तरी ऐकलं होतं.

तेव्हा आपला वाद सुरू झाला. तो संपलेला नाही, आणि आता कुणाशी घालू हे मला कळत नाही.

तुमची शिरूरची एसटी कधी वेळेवर नसायची, म्हणून तो वाद बहुतेक स्टँडवरच्या बाकावर झाला, कॅमेऱ्याची बॅग तुमच्या मांडीवर, मूल धरावं तशी. तुम्ही म्हणायचात, अकरा माणसं बघणाऱ्याच्या डोक्यात बसत नाहीत, तीन बसतात. मी म्हणायचे, मग उरलेल्या आठांच्या आयांना मी काय सांगू? त्यावर तुम्ही लग्नातली तोड काढलीत. पंगतीवरून एकदा कॅमेरा फिरवला की कुठलाच पाहुणा रागावत नाही. म्हणून प्रत्येक भागात जर्सी वाटतानाचा तो छोटा तुकडा. अकराही चेहरे येतात, आणि मग आपण आपल्या निवडक तिघांकडे जायला मोकळे. हे मला पटलं. ढोल काढून टाकलात तेही पटलं, थोडं उशिरा. धावून आलेल्या माणसाची धाप ऐकू आली की तो आपल्या घरात बसल्यासारखा वाटतो, ढोल लागला की तो जाहिरातीतला होतो.

पण पाचवा भाग कंटाळवाणा होता. तुम्ही गेलात म्हणून मी ते मागे घेणार नाही. संपूर्ण संघ फलाटावर पुण्याच्या गाडीची वाट बघतोय. बाक, कुत्रं, घड्याळ, परत बाक. तुम्ही म्हणालात, "मॅडम, खेळ म्हंजी वाटच बघणं असतंय." मी म्हटलं, असेल, पण कशाची वाट बघतोय ते बघणाऱ्याला माहीत पाहिजे. गाडी चुकली तर समोरच्या संघाला न खेळता सामना मिळणार होता, हे आम्हाला माहीत होतं म्हणून आम्ही सारखं घड्याळाकडे बघत होतो. घरी बसलेल्या माणसाला नुसतं कुत्रं दिसलं. एसटी आली, चढलात, खिडकीतून म्हणालात, "कुत्रं चांगलं आलं होतं पण." सहावा भाग मात्र फळ्यावरून सुरू झाला. क्लबच्या खोलीतला काळा फळा, माझं खडूचं अक्षर, आज जिंकलो तर काय, हरलो तर काय. त्यानंतर प्रत्येक भाग तिथूनच सुरू झाला. तुम्ही कधी कबूल केलं नाहीत, पण मी ती कबुलीच धरते.

सहाव्या भागावरून खरं भांडण झालं. कोचने दिलीपला संघातून वगळलं. दिलीप पाण्याच्या टाकीमागे गेला, तिथली बादली लाथेने उडवली, कोचला नको ते बोलला आणि मग टाकीला कपाळ टेकून रडला. तुम्ही सगळं घेतलं होतंत. आप्पांच्या कानावर गेलं.

"आवो मॅडम, क्लबच्या आब्रूचा प्रश्न हाय. कमिटीनं बघितल्याबिगर एक भाग जायचा न्हाई आता," आप्पा म्हणाले. मीही त्यांच्या बाजूने होते. सेक्रेटरी म्हणून मला तेच सरळ वाटत होतं.

तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, "आप्पा, लग्नाची कॅसेट मी आधी घरच्यास्नी दाखवतो. त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्या टीव्हीवर. आन् इचारतो, काय काढू? ज्याचं तोंड दिसतंय त्यानं सांगायचं. ह्यात कमिटीचं तोंड कुठाय?"

दिलीपच्या घरी तुमच्याबरोबर मी मुद्दाम आले, काही बिघडलं तर सावरायला. त्याच्या आईने टीव्हीवरचं विणलेलं झाकण घडी करून बाजूला ठेवलं. आम्ही सगळ्यांनी बघितलं.

"काय काढू?" तुम्ही विचारलंत.

"समदंच काढा," दिलीप म्हणाला.

"दोनदा बघा, मग सांगा."

तुम्ही कॅसेट मागे घेतलीत. दुसऱ्यांदा बादली उडाली तेव्हा त्याची आई पुढे सरकली. "थांबवा जरा. ती आपली बादली हाय का रं?"

"न्हाई, क्लबची हाय."

"मग ठीक हाय."

दिलीप हसला, आणि मग हसत हसतच डोळे पुसले. "रडल्यालं ऱ्हाऊ द्या भाई. शिव्या तेवढ्या काढा. हिच्या भजनातल्या बाया बघत्यात."

"मला ठाव हायेत तुझ्या शिव्या," आई म्हणाली.

त्या दिवशी घरी परतताना मला पहिल्यांदा नीट कळलं की आमचा पहिला भाग का पडला. कात्री क्लबच्या हातात होती, आणि क्लब स्वतःला मानपत्रच देणार. पण मला दुसरीही भीती होती, आणि ती मी तुम्हाला बोलून दाखवली नाही. नुसती तुमच्या हातात कात्री असती तर कुणाचं तरी घर उघडं पडलं असतं आणि आपण त्याला छान भाग म्हटलं असतं. तुमच्या त्या एका रिवाजाने दोन्ही टळलं. त्याबद्दल मी तुमचे आभार मानायला हवे होते. मी फक्त एसटीची वेळ सांगितली.

मग शेवटचा सामना, आपल्याच मैदानावर. हरलो तर खालच्या गटात, आणि खालच्या गटाला ऑफिस खेळाची रजा देत नाही, म्हणजे पुढच्या वर्षी अकरा जण जमलेच नसते. बरोबरीही चालणार नव्हती. कोचने शेवटी दिलीपला आत घेतलं. जिंकून देणारा गोल त्याने मारला. त्याच दुखऱ्या गुडघ्याला लागून बॉल आत गेला असं म्हणतात.

दोन-तीन दिवसांनी तुमचा फोन आला. "मॅडम, आठवा झाला जोडून. तुमच्या घरी घेऊन येतो."

"ऑफिसातच आणा ना, कमिटीला बोलावते."

"ऑफिसात नको. घरी. तुमी आन् सायेब असले की बास."

मला वाटलं, आप्पांच्या कटकटीला कंटाळले असणार. मी विचारलं, "दिलीपचा गोल नीट आलाय ना?"

तुम्ही हसलात. "बघाल ना."

हे आपलं शेवटचं बोलणं. मी फोन ठेवताना जपून या एवढंही म्हटलं नाही.

तुम्ही गेल्याचं कळून शिरूरला तुमच्या घरी आले तेव्हा बाहेर पुरुषमाणसं बसली होती. मी आत भाभींजवळ गेले. त्यांनी माझा हात धरून ठेवला, मग उठून कॅसेट आणली. "ते बोलले होते, ही मॅडमच्या घरी जाऊन दाखवायची, दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची नाही. आता दाखवायला कोण येणार? तुम्हीच बघा." मी मान हलवली. परत येताना एसटीत कॅसेटची पिशवी मांडीवर ठेवली होती. कशी धरली होती ते उतरताना लक्षात आलं.

इकडे आप्पांनी रविवारी गोल दाखवणार म्हणून कॉलनीभर सांगून टाकलं. त्यांचंही चुकत नाही. त्यांना तुमचं काहीतरी करायचं आहे, आणि माणूस गेल्यावर काय करायचं हे त्यांना एकच माहीत आहे. फोटो, हार, गाणं. "लोकांच्या डोळ्यात पाणी आलं पायजे, मॅडम," ते म्हणाले. मला काळजी अशी की पाणी येणार नाही. लोक च्यानल बदलतील, आणि या वेळी ते तुमच्यावरून बदललेलं असेल.

आज दुपारी बंडूचा व्हीसीआर आणला. आमचे हे गार्डच्या ड्यूटीवर मनमाडकडे गेलेले. वाट बघणार होते त्यांची, पण धीर धरवेना. मशीन फीत खाईल म्हणून आधी जुनी एक कॅसेट लावून बघितली. मग तुमची लावली आणि बोट थांबवायच्या बटनावरच ठेवलं.

फळा. माझं अक्षर. जर्सींची पंगत. दिलीप बाहेर बसलाय, गुडघा चोळतोय. कोच त्याच्याकडे बघतो, नाही बघत, परत बघतो. दिलीप आत जातो. आरडाओरडा वाढत जातो. मी खुर्चीच्या कडेला येऊन बसले होते, कारण आता गोल. आणि तेव्हा तुमचा कॅमेरा मैदान सोडून बाजूला निघाला. कोचवरून गेला, बाकावरून गेला, आणि माझ्यावर येऊन थांबला.

मी मैदानाकडे पाठ करून उभी आहे. बाकामागे सतरंजीवर जादा जर्सी पडल्यात आणि मी एक घडी करतेय. घडी झाली की मोडते. तीच जर्सी परत. केस विस्कटलेले, ओठ हलतायत. मागे अंधूकशी सगळी माणसं एकदम उडी मारतात, आवाज फुटतो, आणि मी वळत नाही. जर्सी छातीशी धरून तशीच उभी. मग कुणाला तरी विचारते, आवाज येत नाही पण ओठांवरून कळतं: आपला की त्यांचा? कुणीतरी ओरडतं, "आपला, मॅडम, दिलीपचा!" आणि मी त्या जर्सींवर खाली बसते. तुम्ही तिथेच थांबलात. भाग तिथेच संपतो.

त्या मैदानावर तो गोल न बघितलेले आपण दोघंच होतो, हमीदभाई.

मला राग आला. सगळी कॉलनी बघणार, ऑफिस बघणार. दिलीपने मोसमभर ज्याची वाट बघितली तो गोल नाही, आणि त्या जागी ही बाई. मी कुणाच्या तिघांत नव्हते. मी फळ्यावर लिहायला होते. तुम्ही समोर असता तर मी म्हटलं असतं, सगळंच काढा. पण समोर रिकामी खुर्ची होती आणि काय काढू असं विचारायला कोणी नव्हतं. तुम्ही घरीच का येणार होता, ऑफिसात का नको होतं, ते तेव्हा कळलं.

पदर खोचून बाहेर पडले आणि थेट लोको शेडच्या फाटकावर गेले. दिलीपला बाहेर बोलावलं आणि सांगून टाकलं की गोल आलेलाच नाही.

तो हात पुसत राहिला. "मंग काय आलंय?"

"मी आलेय."

"तुमी काय करताय?"

"घड्या."

"व्हय, त्या आमी रोजच बघतो," तो म्हणाला. "मॅडम, गोल मी मारलाय. मला कशाला बघायचाय? भाईंनी इचारलं असतं तसं तुमीच ठरवा. तुमचं तोंड हाय." आणि आत जाता जाता वळून, "दोनदा बघा पण."

घरी आले, कॅसेट मागे घेतली. दुसऱ्यांदा मी चेहऱ्याकडे बघितलंच नाही. हातांकडे बघितलं. कडा जुळवतायत, सारखं करतायत, परत मोडतायत. ते हात मी आधी पाहिलेले आहेत. मांडवाच्या दुसऱ्या टोकाला, ताटांच्या चवडीवर.

हे लिहिता लिहिता मधेच उठून बंडूला फोन केला. तो म्हणाला, आप्पा ओरडतील. ओरडू दे म्हटलं, त्यांना मी बघते. शिरूरला बंडूची केबल नाही, मग आम्ही कसं बघायचं, असं भाभींनी विचारलं होतं; त्यांना कॅसेट मी स्वतः नेऊन दाखवीन, त्यांच्या घरी. फोटो, हार काही लागणार नाही. भाग संपल्यावर पडद्यावर तुमचं नाव येईल, माझ्या अक्षरात, फळ्यावर.

जीव अजून थाऱ्यावर नाही. उद्या लोक बघतील की बटन दाबतील, मला सांगता येत नाही. भाग लागेल तेव्हा मी स्वयंपाकघरात असेन, टीव्हीकडे पाठ करून, भांडी लावत. संपला की ह्यांना विचारीन.

दोनदा बघितलं, हमीदभाई. काही काढू नका.